नदीपलीकडची जुळी

डॉक्टर केतकी नाडगौडांच्या दवाखान्यात त्या वर्षी सगळ्यात जास्त विचारपूस व्हायची ती कधी जन्मालाच न आलेल्या माणसांची.

"डॉक्टर, माझं जुळं काय म्हणतंय?" असं विचारतच पेशंट आत शिरायचा. स्वतःच्या गुडघ्याचं गाऱ्हाणं नंतर. जुळ्याची साखर वाढली असं कळलं की तो हळहळायचा, पण हळहळताना खुर्चीत जरा ऐसपैस बसायचा. शेजारच्या भिंतीला ओल आली की आपली भिंत कोरडी असल्याचं सुख होतं, त्यातलाच प्रकार. गडहिंग्लजच्या माणसाला हे सुख फुकट मिळत होतं, म्हणून तो ते पुरवून पुरवून घेत होता.

जुळ्यांची भानगड अशी. पूर्वी डॉक्टरला पैसे मिळायचे ते आजाराचे. सुई टोचली, इतके; सलाईन लावली, तितके; ऑपरेशन निघालं तर दिवाळीच. गाव निरोगी झालं तर डॉक्टरनं खायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि गाव कधी तितकं निरोगी होत नव्हतं म्हणून कुणी विचारतही नव्हतं. मग हिशेब उलटा करायचं ठरलं. डॉक्टरनं माणसाच्या प्रकृतीत जो फरक पाडला, त्याचेच पैसे द्यायचे. सरकारी कागदावर या योजनेचं नाव दीड ओळीचं होतं. लोक तिला 'फरक योजना' म्हणत.

पण फरक मोजायचा कशाशी? माणूस एकदाच जगतो. डॉक्टर नसता तर त्याचं काय झालं असतं, हे बघायला तेच आयुष्य पुन्हा बिनडॉक्टरचं जगून दाखवता येत नाही. इथं यंत्र मदतीला आलं. योजनेतल्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला. नाडी, श्वास, घामातली साखर, झोप, चालीतला तोल, सगळं तो टिपायचा. मग जिथं योजना पोचलेली नाही अशा गावांतली, तसाच पट्टा बांधलेली माणसं यंत्र धुंडाळायचं. त्याच वयाची, त्याच कामात झिजलेली, तेच जेवणारी आणि जमलं तर रक्तानं जवळची. त्यांच्या मोजमापांचे धागे घेऊन यंत्र एक माणूस विणायचं. तेच तुमचं जुळं. तुमच्यासारखंच, फक्त डॉक्टर नसलेलं. तुम्ही आणि ते, दोघांच्या प्रकृतीत जेवढं अंतर, तेवढी डॉक्टरची कमाई.

केतकीला ही योजना मनापासून पटली होती. ती मुळातच औषधं कमी आणि बडबड जास्त देणारी डॉक्टर. जुन्या पद्धतीत अशा डॉक्टरला लोक दुवा देतात आणि पैसे दुसऱ्याला. फरक योजनेत तिचा दवाखाना पहिल्यांदा बाळसं धरू लागला. वरच्या मजल्यावर डायलिसिसचं यंत्र बसवायचं चाललं होतं. तसं झालं तर मूत्रपिंड गेलेल्यांचे कोल्हापूरचे वारेमाप हेलपाटे वाचणार होते. दवाखान्याचा कारभार बघणारे रियाज तांबोळी तर म्हणायचे, "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, पेशंट बरा झाला की आपलं नुकसान होत नाही."

आणि या सगळ्या फरकात सगळ्यात घसघशीत फरक होता नीलक्काचा.

नीलव्वा हत्तरकी, गावाची नीलक्का, मार्केट यार्डात मिरचीची अडत चालवायची. सत्तरी गाठलेली, इरकल लुगडं, डोळ्यांत मिरचीपेक्षा तिखट नजर. केतकीनं तिची साखर आटोक्यात आणली, तिला रोज चालायला लावलं, तिच्या पायांत मऊ चपला घालायला लावल्या. याची किंमत म्हणून नीलक्का केतकीला 'लेकी' म्हणायची आणि दर महिन्याला येऊन छळायची.

माघाच्या सुरुवातीला ती आली ती विचारतच.

"काय म्हंती माझी जुळी?"

केतकीनं पडद्यावर बघितलं. "बरी नाही अक्का. डाव्या पायाला जखम झालीय. भरत नाही. यंत्र म्हणतंय, गुढीपाडव्याच्या आसपास पाऊल काढावं लागेल."

"आत्ता गं बया!" नीलक्का खुर्चीत ऐसपैस बसली नाही. उलट पुढं सरकली. "आणि तू काय करतीस?"

"मी काय करणार? ती खरी नाही ना. हिशेबाची बाई आहे ती."

"हिशेबाच्या बाईला जखम कशी हुती गं? माझ्या वहीत मिरची लिवली म्हणून वही कधी शिंकली न्हाई."

केतकी हसली आणि इथंच तिची चूक झाली. नीलक्काला हसून टाळता येत नाही, हे यार्डातल्या हमालालाही माहीत होतं. मग समजावून सांगणं आलं. जुळी एकटी नसते, अक्का, खऱ्या बायकांच्या मोजमापांतून विणलेली असते. तुमच्यासाठी योजना नसलेली गावं घेतली ती नदीपलीकडची, सीमेपलीकडची. तिकडंही मिरचीच. नावं आम्हाला कळत नाहीत. पण जी बाई तुमच्याशी जास्त जुळते तिचा धागा जाड. तुमच्या जुळीत एकाच बाईचं वजन निम्म्याहून जास्त आहे. बहुतेक रक्ताचं नातं असावं.

बोलून झालं आणि केतकीनं जीभ चावली.

नीलक्का पडद्याकडं वाकली. तिचं माहेर सीमेपलीकडचं, तुपाळहट्टीचं. पाठची बहीण तिथंच दिलेली.

"पट्टा बांधल्याबद्दल त्यास्नी कुकर मिळालाय," ती हळूच म्हणाली. "रुद्रीनं फोनवर सांगितलंतं. पाच लिटरचा." मग तिनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे मी दर म्हैन्याला येऊन इचारत हुते, ती आमची रुद्री व्हय गं?"

त्या दुपारी केतकीनं पुण्याला अभिरामला फोन लावला. अभिराम टिळेकर तिचा वर्गमित्र. डॉक्टरकी सोडून आकडेमोडीत शिरला आणि जुळी विणणाऱ्या मंडळींचा प्रमुख झाला.

"अभ्या, तुलनेतल्या एका बाईचा पाय जातोय. रुद्रव्वा, तुपाळहट्टीची."

"तुला नाव कळलंच कसं?"

"ते सोड. तुम्हाला दिसतंय ना? मग तिला सांगत का नाही?"

अभिरामनं खोल श्वास घेतला. त्याची यावर तयारी होती, पण त्याला त्या तयारीचा अभिमान नव्हता. "केतू, आम्ही कुणाला डॉक्टरकडं जायला बंदी केलेली नाही. योजनेतला डॉक्टर सोडून कुठंही जावं. पण आम्ही सांगितलं तर तेच औषध झालं. मग ती 'बिनडॉक्टरची' राहिली नाही. अजून तीन वर्षं आकडे स्वच्छ राहिले, तर ही योजना सगळीकडं जाईल. नदीपलीकडंही. एका पायासाठी हजारो पाय घालवू?"

हे म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून तर केतकीला रात्रभर ते काट्यासारखं बोचलं. अभिराम दुष्ट असता तर सोपं झालं असतं. तो फक्त लांब होता.

इकडं नीलक्कानं आपला उपाय काढला, तो शुद्ध बहिणी-बहिणींचा. ती माहेरी गेली. तिकडं बहिणी बऱ्याच दिवसांनी भेटल्या की हातातली एकेक बांगडी एकमेकींना घालतात. तुझं दुखणं मला, माझं सुख तुला. या दोघींनी बांगडीबरोबर पट्टेही बदलले.

चौथ्या दिवशी सकाळी रिक्षातून एक बाई उतरली. नीलक्कासारखीच, पण कुणीतरी धुऊन पिळून ठेवल्यासारखी. डाव्या पायाला जुनेराची पट्टी. हातात नीलक्काचा पट्टा.

"मी नीलव्वा हत्तरकी," ती पाठ केल्यासारखं म्हणाली, आणि पुढचं विसरली. मग खरं खरं म्हणाली, "अक्कानं सांगिटलंय, डॉक्टरबाईला समदं कळतंय, मशिनीला कायबी कळत न्हाई."

पाठोपाठ नीलक्काचा फोन. "लेकी, तिला माझ्या नावावर बघ. नियमबी मोडत न्हाई, तुझी कमाईबी बुडत न्हाई. मी हितं तिचा पट्टा घालून बसते. कशी काढली युक्ती?"

रियाजभाईंनी कपाळावर हात मारला. केतकीला त्यांनी बाजूला घेतलं.

"मॅडम, अक्कांना वाटतंय त्यांनी आपल्याला वाचवलं. हिशेब बघा जरा. आता यंत्राला वाटणार, नीलक्काचा पाय सडला. आणि तिकडं नीलक्का ठणठणीत चालणार, म्हणजे जुळी बरी झाली. आपला पेशंट पडला, जुळी वर चढली. फरक उणे! उणे म्हणजे आपण योजनेला पैसे द्यायचे. डायलिसिसचं मशीन वरच्या मजल्यावर चढायच्या आधीच खाली येणार."

"आणि आकडे खोटे होणार ते वेगळंच," केतकी म्हणाली.

"मग काय करायचं? कोल्हापूरला पाठवू?"

बाहेर बाकावर रुद्रव्वा बसली होती. पाय वर घ्यायला संकोचत होती, कारण बाक स्वच्छ होता. तिनं पिशवीतून वर्तमानपत्राचा कागद काढला, बाकावर अंथरला आणि मग त्यावर पाय ठेवला.

केतकीनं ते बघितलं. "रियाजभाई, गरम पाणी, आणि ड्रेसिंगचा ट्रे."

पट्टी सोडली तेव्हा रियाजभाईंनी तोंड फिरवलं. जखम खोल होती, कडा काळ्या पडत होत्या. पण हाडाला अजून लागलेलं नव्हतं. पायातली नाडी केतकीनं बोटांनी शोधली. बराच वेळ लागला, मग सापडली. बारीक, पण नेटानं चाललेली.

"दुखतंय का, मावशी?"

"न्हाई की. तेच बरं हाय. काय कळतच न्हाई."

"तेच वाईट आहे."

"असं का?" रुद्रव्वानं पायाकडं नव्यानं बघितलं, इतकी वर्षं भला समजलेला माणूस लबाड निघावा तसं.

रुद्रव्वा नीलक्काच्याच घरी राहिली. रोज सकाळी ड्रेसिंग. केतकी मेलेलं मांस कात्रीनं काढायची, औषध भरायची, पायावरचा भार काढणारा बूट चढवायची. साखरेसाठी इन्शुलिन चालू केलं. रुद्रव्वाला जेवणातलं काय काय सोडायचं ते सांगताना केतकीचा आवाज चढला की ती म्हणायची, "साकु, साकु," पुरे, पुरे, आणि दुसऱ्या दिवशी सांगितल्यापेक्षा एक घास कमीच खायची. तिला आयुष्यात प्रथमच कुणीतरी रोज विचारत होतं, काल काय जेवलात. ती उत्तर इतकं सविस्तर द्यायची की मागची रांग खोळंबायची. रियाजभाई कुरकुरत, पण तिच्यासाठी बाकावर उशी त्यांनीच आणली.

तिकडं तुपाळहट्टीत नीलक्का स्वस्थ बसेल तर ती नीलक्का कसली. मिरची खुडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात ती जाऊन बसली आणि एकेकीचे तळवे बघू लागली. "ही भेग कवापासनं? चप्पल घाल की गं भवाने. डोळ्याम्होरं अंधारी? साखर तपास." केतकीची सगळी बडबड तिनं जशीच्या तशी, वर मिरची लावून, नदीपलीकडं पेरली. दोन-चार जणी नदी ओलांडून दवाखान्यात येऊ लागल्या. त्यांच्या हातांत तुलनेचे पट्टे. केतकीनं कुणाला परत पाठवलं नाही. एकदा पाणी दारातून आत आल्यावर उंबरा धरून बसण्यात काय अर्थ?

मात्र एक गोष्ट तिला टोचत होती. उपचार चोरून करावे लागले तर लागोत. आकडे खोटे जाणं तिला सोसत नव्हतं. रुद्रव्वाच्या जखमेच्या तळाशी लालसर, निरोगी मांस भरत आलं, पाय वाचणार याची खात्री झाली, त्याच दिवशी तिनं अभिरामला फोन करून सगळं सांगून टाकलं. पट्टे, बहिणी, नदीपलीकडच्या बायका. काही राखून ठेवलं नाही.

अभिराम तिसऱ्या दिवशी स्वतः आला. प्रवासानं चुरगळलेला, रागानं नव्हे तर काळजीनं लाल झालेला.

"यंत्र महिनाभर कुरकुरत होतं," तो म्हणाला. "गडहिंग्लजची नीलव्वा अचानक लंगडायला लागली आणि तुपाळहट्टीची आजारी बाई दिवसभर गावभर हिंडतेय. मला वाटलं, पट्टा बिघडला. केतू, तू काय केलंस हे कळतंय तुला? या तालुक्याची तुलनाच गेली. मला लिहावं लागेल. तुझे पैसे थांबतील."

"लिही. खरं तेच लिही."

"आणि ते हजारो पाय?"

"त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, अभ्या. मी रोज शोधते. पण हा पाय माझ्या बाकावर आला होता." तिनं दाराकडं बघून हाक मारली. "मावशी, जरा आत या."

रुद्रव्वा काठी न घेता आत आली. केतकीनं तिला बसवलं, बूट काढला, पट्टी सोडली. "तुला फरक बघायचा होता ना? हा बघ."

अभिरामनं आयुष्यात लाखो पायांचे आलेख बघितले होते. पाय बघून मात्र पंधरा-वीस वर्षं झाली होती. तो आधी उभा राहिला, मग वाकला, मग सरळ जमिनीवर बसला. जखम रुपयाएवढी उरली होती. कडेनं नवी कातडी आली होती, लहान मुलाच्या टाचेसारखी गुलाबी. त्यानं विचारल्याशिवायच बोटं पुढं केली आणि घोट्यामागची नाडी शोधली. जुनी सवय, बोटांना आठवत होती.

रुद्रव्वा वरून त्याच्याकडं बघत होती. "बाई, ह्योच व्हय कुकर देणारा?"

"हाच."

"भला माणूस हाय. पर बाळा, त्याची रिंग लगीच गेली बघ. वाफ धरत न्हाई."

अभिराम हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. मान खाली घालून तो बराच वेळ तिचा पाय धरून बसला. "दुसरी पाठवतो, मावशी," एवढंच म्हणाला.

जाताना दारात तो थांबला. "मी दोन्ही लिहीन, केतू. तू नियम मोडलास हेही, आणि तुलनेच्या गावात कुणाचा पाय जाताना दिसला तर आम्ही गप्प बसायचं की नाही, हा प्रश्नही. पहिल्याचा निकाल लगेच लागेल. दुसऱ्याला वेळ लागेल."

तसंच झालं. डायलिसिसच्या यंत्राची ऑर्डर रद्द झाली. त्या दिवशी केतकी वरच्या रिकाम्या खोलीत जाऊन थोडा वेळ उभी राहिली आणि खाली आल्यावर कोल्हापूरला हेलपाटे घालणाऱ्या एका पेशंटकडं तिला नीट बघवेना. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू खऱ्या असतात, हे रियाजभाईंनी तिला सांगायची गरज नव्हती. नदीपलीकडच्या बायका मात्र वाढत गेल्या. प्रत्येकीबरोबर गडहिंग्लजातल्या कुणाचं तरी जुळं थोडं सुधारायचं आणि केतकीच्या कागदावरचा फरक थोडा आटायचा.

पाडवा झाला. नीलक्का आणि रुद्रव्वा जोडीनं दवाखान्यात आल्या. दोघींच्या पायांत सारख्या मऊ चपला, मनगटांवर जिचे तिला परत झालेले पट्टे.

"काय म्हंती जुळी?" नीलक्कानं सवयीनं विचारलं.

केतकीनं पडदा तिच्याकडं वळवला. तिथं एकच ओळ होती. तिनं ती वाचून दाखवली, "तुलनेसाठी व्यक्ती सापडत नाही. देय रक्कम शून्य."

"म्हंजे? मेली?"

"नाही, अक्का. मेली नाही. तुमच्यासारखी, पण डॉक्टर नसलेली बाई यंत्राला आता नदीपलीकडं सापडत नाही."

नीलक्कानं बहिणीकडं बघितलं. रुद्रव्वा दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून, जणू मोजून घेतल्यासारखी बसली होती. मग नीलक्काची अडतीतली नजर जागी झाली.

"आणि शून्य म्हंजे तुला काय मिळतंय?"

"शून्य म्हणजे शून्य."

"माझ्या युक्तीनं तुला वाचवायच्या ऐवजी बुडीवलं व्हय?"

"हो," केतकी म्हणाली. "चांगलंच."

"आणि बोलली न्हाईस."

"बोलले असते तर तुम्ही रुद्रव्वांना परत नेलं असतं."

नीलक्का उठली. टेबलाला वळसा घालून केतकीशेजारी येऊन उभी राहिली. मिरचीच्या बाजारात जुने अडते भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर कापड टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात, तो चारचौघांत असून दोघांतच राहतो. नीलक्कानं इरकलीचा पदर केतकीच्या हातावर टाकला आणि तिचा हात धरला.

"नदीपलीकडल्या समद्या बायकांच्या वतीनं बोलते," ती म्हणाली. "आजारी पडल्यावरचं न्हाई. बरं ठेवायचं. दर म्हैन्याला. बोल."

रियाजभाई खुर्चीतून अर्धे उठले, पण पदरावरून काही दिसत नव्हतं. नीलक्कानं बोटं दाबली. केतकीनं मान हलवून एक बोट कमी केलं. नीलक्का चिडली. "भाव पाडतीस? इकणारीच भाव पाडती, असा बाजार बघितला न्हाई मी!" तिनं बोट पुन्हा दाबलं, जोरात. केतकीनं पुन्हा कमी केलं. रुद्रव्वा हसू लागली.

"ठरलं का?" रियाजभाईंनी विचारलं. "किती लिहू?"

भाव केव्हाच ठरून गेला होता, पण पदराखालचा हात दोघींपैकी कुणी सोडत नव्हतं.